संगणक घरात आहे का?

गेल्या वर्षी किटवे या तांब्याच्या खाणींच्या शहरातल्या आमच्या वस्तीत चार कुटुंबांना फुकट संगणक मिळाले. त्यांतली तीन कुटुंबं संस्थेच्या अहवालात ‘उत्कृष्ट’ ठरली आणि एक ‘बेजबाबदार’. ती बेजबाबदार म्हणजे आमची बाना कबासो. तिची हकिकत मी सांगते, कारण अहवाल लिहिणाऱ्यांना ती अर्ध्या पानात उरकायची होती आणि मला कसलीच घाई नाही.

बाना कबासो म्हणजे कबासोची आई. तिचं स्वतःचं नाव मोनिका, पण त्या नावाने तिला हाक मारणारं आता चर्चच्या वहीखेरीज कोणी उरलेलं नाही. वय अडतीस, अंगानं भरभक्कम, आणि आवाज असा की बाजारात तिच्या शेजारच्या बायका आपली गिऱ्हाइकं हातवारे करून बोलावतात. ती चिकांडा विकते. रानातले कंद कुटायचे, त्यात शेंगदाण्याचं कूट आणि मिरची घालून शिजवायचं, थापायचं आणि वड्या कापायच्या. नवरा मालाची लॉरी चालवायचा. मरण्याआधी त्यानं तिला दोन गोष्टी दिल्या, एक मुलगा आणि दुसरी लॉरी चालवण्याची विद्या. मुलगा राजधानीला, लुसाकाला गेला आणि शहाणा झाला, म्हणजे फोन करेनासा झाला. विद्या तेवढी जवळ राहिली.

माझं आणि तिचं नातं शेजारणीचं, आणि वर थट्टेचं. मी मगर कुळातली, ती मासा कुळातली. मगर मासे खाते, म्हणून या दोन कुळांना पूर्वजांनी एक हक्क देऊन ठेवलाय. एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, एकमेकांचं वाट्टेल ते उचलावं, आणि समोरच्यानं रागवायचं नाही. जो रागावला त्याच्या कुळाचं हसं झालं. तीन वर्षांपूर्वी भर पावसात बाना कबासो माझ्या दारात आली, “दात पडलेल्या मगरीला छत्री कशाला?” म्हणाली आणि माझी लांब दांड्याची काळी छत्री घेऊन गेली. मला राग आला. अजून येतो. पण दाखवता येत नाही.

तिचं घोडं अडलं होतं ते परवान्यापाशी. चर्चच्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर पिऊन यायचा. सिस्टर फेलिस्तासनं त्याला काढलं आणि बाना कबासोला सांगितलं, “तू गाडी चालवतेस हे मला ठाऊक आहे, पण कागद लागतो. जूनअखेर परवाना आण, बस तुझी. नाहीतर मी दुसरा माणूस बघते.” पगाराची नोकरी, डोक्यावर पत्रा, बसायला गादी. बाना कबासो त्या बसकडे अशी बघायची की बघणाऱ्यालाच लाज वाटावी.

फेब्रुवारीत ती परीक्षेला गेली. गाडी चालवून दाखवायची ती नंतर. आधी पडद्यासमोर बसून तीस प्रश्न, तीस मिनिटांत, माऊस फिरवून. तिनं जन्मात माऊस धरला नव्हता. घंटा वाजली तेव्हा तिचे नऊ प्रश्न झाले होते.

“सगळी चिन्हं मला येतात, मायो एदिना,” ती माझ्या ओट्यावर बसून रडत म्हणाली. आई या अर्थानं ती मला मायो म्हणते, शिव्या देऊन झाल्या की. “वळण, चढ, पूल, सगळं. तो बाण हातात येत नाही. मी इकडे ओढते, तो तिकडे पळतो. लॉरीला एवढा माज नव्हता हो!”

पुढची तारीख जूनमधली मिळाली. तीच शेवटची.

आणि मार्चमध्ये देवानं ‘उजळ घर’ नावाची संस्था पाठवली. गरीब घरांत संगणक आणि बोटांत कौशल्य, असं त्यांच्या फलकावर लिहिलं होतं. वस्तीत गरीब घरं चाळीस, संगणक चार. चिठ्ठ्या टाकल्या आणि एक बाना कबासोला लागली. मग तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. नारिंगी टी-शर्टातला एक पोरगेला साहेब लुसाकाहून आला होता. पहिल्या दिवशी बटण कुठलं ते, दुसऱ्या दिवशी बटण का दाबायचं ते, आणि तिसऱ्या दिवशी फोटो. मी सहज बघायला गेले, तर मलाही फॉर्म भरायला लावला. खाणीच्या कचेरीत मी एकतीस वर्षं टायपिंग केलं, डोळे मिटून. त्या पोरानं माझं बोट धरलं, ‘अ’च्या कळीवर ठेवलं, “घाबरू नका, आजी,” म्हणाला आणि माझ्या नावापुढे ‘डिजिटल निरक्षर’ असं एका बोटानं टाईप केलं. त्यात दोन चुका होत्या. मी त्या सांगितल्या नाहीत.

प्रत्येक संगणकावर चिकटपट्टी होती: ‘हा संगणक या घराचा आहे. तो घराबाहेर नेऊ नये.’ खाली घराचा नंबर. आमच्याकडे वीज दिवसातून चार तास येते, कधी तीन. संगणक मात्र चोवीस तास घरात पाहिजे.

तीन उत्कृष्ट घरांत काय झालं ते आधी सांगून टाकते, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. बाना चिशानं संगणक बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी मांडला, त्याच्यावर क्रोशाचा पांढरा रुमाल घातला, रुमालावर प्लॅस्टिकची फुलं ठेवली. धूळ बसेल म्हणून तो उघडायचा नाही, वीज खाईल म्हणून लावायचा नाही, आणि पाहुणा आला की त्याच्याकडे तोंड करून पाहुण्याला बसवायचं. दुसऱ्या दोघींनी रुमालाचा तोच नमुना मागून नेला. नाकापेक्षा मोती जड झाला, पण काय शोभत होता!

बाना कबासो मात्र बारा बायकांची भिशी चालवते, गेली नऊ वर्षं. संगणक घरी आला त्या संध्याकाळी भिशीतल्या अकराजणी तिच्या अंगणात येऊन बसल्या. कोणी काही मागितलं नाही. नुसत्या बसल्या. त्या बसण्याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो.

“बरं,” बाना कबासो म्हणाली. “भिशीसारखं करू. एका घरी एक आठवडा. रविवारी चर्च सुटलं की पुढच्या घरी.”

“आणि तुझा नंबर?” बाना लोंबेनं विचारलं.

“बारावा.”

मी तिला आत ओढून नेलं. “डोकं ठिकाणावर आहे का? परीक्षा तुला आहे! पहिला नंबर घे.”

“भिशी चालवणारीचा नंबर शेवटी, मायो. मीच आधी जेवले तर पुढे भांडणं मिटवायला कुठल्या तोंडानं जाऊ? बारावा आठवडा परीक्षेच्या बरोबर आधी येतोय. मोजलंय मी.”

मोजलं होतं तिनं, आणि बरोबर मोजलं होतं. एकच गोष्ट मोजायची राहिली, ती म्हणजे संस्थेचे साहेब.

तर दर रविवारी संगणक चितेंगेत, म्हणजे बायका कमरेला गुंडाळतात त्या कापडात, बाळासारखा गुंडाळायचा, माती वाहायच्या एकचाकी गाड्यात गादीवर ठेवायचा आणि मिरवत न्यायचा. मी मागून कळफलक घेऊन चालायचे. ज्या घरी तो जाईल त्या घरी जाऊन मी बोटं शिकवायचे, वीज असेल तेवढा वेळ. एकीनं खाणीच्या कचेरीला गटाराबद्दल पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही म्हणून दुसरं लिहिलं. एकीनं खताचा अर्ज स्वतः भरला आणि भरून देणाऱ्या दलालाला वाटेत थांबवून सांगितलं. बाना लोंबे चर्चच्या गायनाची गाणी उतरवायला लागली. आणि बाना कबासो? ती दुसऱ्याच्या आठवड्यात संगणकाला बोट लावायची नाही. बाजारातून तिनं एक मेलेला माऊस आणला होता, तार तुटलेला. चिकांडाच्या परातीशेजारी मेणकापडावर ती तो फिरवत बसायची, आणि समोरच्या भिंतीवर नसलेला बाण बघायची. गिऱ्हाइकं तिला वेडी समजायला लागली. मला तिची दया यायची आणि तिचं डोकं फोडावंसंही वाटायचं.

संस्थेचे तपासनीस श्री. कापाम्पा महिन्यातून एकदा यायचे. पांढरी पिकअप, टाय, आणि हातात फॉर्म. फॉर्मवर पहिला प्रश्न: ‘संगणक घरात आहे का?’ दुसरा प्रश्न नव्हताच. तो कोणी वापरतं का, हे विचारायचं संस्थेला सुचलं नव्हतं. बाना चिशाच्या घरी त्यांनी रुमाल उचलला, रुमाल ठेवला, ‘होय’ लिहिलं आणि चहा घेतला. बाना कबासोच्या घरी एप्रिलमध्ये ‘नाही’ लिहिलं, मेमध्ये ‘नाही’ लिहिलं. तिसऱ्या ‘नाही’ला जप्ती.

जूनमध्ये ते शुक्रवारी उगवले. दोन दिवसांनी, रविवारी, बारावा नंबर लागायचा होता. पुढच्या गुरुवारी परीक्षा.

“संगणक घरात आहे का?”

“आहे की.”

“कुठे?”

“बाना लोंबेच्या घरात.”

“मी घरात विचारतोय, बाई.”

“मग ती काय झाडावर राहते?”

वस्ती जमली. कापाम्पा बाना लोंबेच्या घरी गेले. ती बिचारी चौथं कडवं उतरवत होती. तिच्या बोटांखालून त्यांनी कळफलक काढून घेतला. मग यादी वाचत एकेक वस्तू गाडीत ठेवली. संगणक एक. पडदा एक. कळफलक एक. संगणकाचा माऊस मी त्यांच्या हातात द्यायला गेले, तर त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि परत केला. “हा यादीत नाही.”

बाना कबासोनं त्यांच्यापुढे गुडघे टेकले. मोठ्या माणसाशी बोलताना आम्ही टेकतोच आणि ताता, म्हणजे बाबा, म्हणतोच, पण त्या दिवशी ते निराळं होतं. “ताता, परवा माझा नंबर लागतोय. गुरुवारी परीक्षा आहे. शुक्रवारी या आणि न्या. मीच गाडीत चढवून देईन.”

“संगणक तुमचा आणि तुमचाच नंबर बारावा? असं कोण करतं?”

“भिशी चालवणारी करते.”

“असलं काही नियमात नाही.”

“लोकांना वापरू दिला, ताता. मोडला नाही, विकला नाही.”

“वापराचा इथे प्रश्नच नाही!” कापाम्पा ओरडले, आणि मला वाटतं ते वर्षभरातलं त्यांचं सगळ्यांत खरं वाक्य होतं. गर्दीतून कोणीतरी हसलं. त्यावर त्यांची मान ताठ झाली आणि त्यांनी हात दाखवून अवलक्षण केलं. “मला नियम शिकवू नका. मी साधासुधा माणूस नाही. मगर कुळातला आहे, राजाच्या कुळातला. आमच्यात शब्द म्हणजे शब्द!”

भिशीतल्या बायकांनी माना वळवून बाना कबासोकडे पाहिलं.

बाना कबासो उठली. गुडघ्यांवरची माती झटकली. “काय म्हणालास?”

पहिल्यांदाच ती त्यांना अरेतुरे बोलली. कापाम्पांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. त्यांना कळलं होतं.

“मगर ना रे तू?” ती म्हणाली. “मी मासा.”

बायकांनी जिभा हलवून असा उलुलु केला की पलीकडच्या रस्त्यावरची मिनीबस थांबली.

“बघा गं बायांनो! माझा पणजोबा गिळला, आजा गिळला, आणि वर टाय लावून फिरतोय! पोट बघा पोट! हे कशावर वाढलंय? आमच्या मासळीवर! आणि चालतो कसा बघा, चिखलात रुतल्यासारखा!”

कापाम्पांनी ओठ घट्ट मिटले. रागवायचं नाही आणि हसायचंही नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. पण रक्त ते रक्त. “माशांनी पाण्यात राहावं,” ते शेवटी म्हणाले. “बाहेर आले की वास येतो.”

लोक खूश झाले. माणूस अगदीच वाया गेलेला नव्हता.

बाना कबासो पिकअपकडे चालायला लागली तसे ते आडवे झाले. “त्याला हात लावायचा नाही! ते सामान संस्थेचं आहे, माझं नाही.”

“खरंय,” ती म्हणाली. “संस्था काही मगर नाही. मग तुझं काय आहे?”

तिनं पुढचं दार उघडलं. सीटवर काळी बॅग होती, लॅपटॉपची.

“हे कोणाचं?”

खोटं बोलले असते तर सुटले असते. पण नियमाचा माणूस. “माझं. माझ्या पगारातून घेतलेलं.”

“झालं तर मग,” असं म्हणून बाना कबासोनं बॅग खांद्याला लावली.

त्यांनी तोंड उघडलं. समोर सगळी वस्ती होती, म्हातारे होते, आणि मी होते. मी पुढे झाले. “साहेब, मीही मगरच आहे. माझी छत्री तीन वर्षं तिच्याकडे आहे. सवय होते.”

ते गाडीत बसले आणि संस्थेचा संगणक घेऊन निघून गेले. नियम पाळला गेला. आमचाही.

यादीत नसलेला तो माऊस लॅपटॉपला नीट बसला. बाना कबासोनं चार दिवस बाजार बंद ठेवला. वीज यायची तेवढा वेळ ती आणि मी, आणि तो बाण. पहिल्या दिवशी तिनं त्याला इतक्या शिव्या घातल्या की मी मगर असूनही चार नव्या शिकले. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ती माऊस मनगटानं नाही, खांद्यापासून फिरवते, लॉरीच्या चाकासारखा. मी तिचा कोपर टेबलाला टेकवून ठेवला आणि सोडलाच नाही. तिसऱ्या दिवशी बाण थांबला. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “आता हा माझ्या ऐकण्यात आहे,” आणि भिशीतल्या अकराजणींनी आळीपाळीनं तिला प्रश्न विचारले.

गुरुवारी तीसपैकी अठ्ठावीस. बावीस मिनिटांत. दुपारी गाडी चालवून दाखवायची होती. उतारावर परीक्षकानं दाराची कडी धरून ठेवली आणि खाली उतरल्या उतरल्या सही केली. ती घरी आली ती कागद छातीशी धरून, आणि माझ्या ओट्यावर बसून पुन्हा रडली. मीही रडले. लपवण्यासारखं त्यात काय आहे?

पुढच्या सोमवारी कापाम्पा आले. टाय नव्हता. बाना कबासोनं त्यांना बाकड्यावर बसवलं, चिकांडाची वडी पुढे केली. त्यांनी वडी खाल्ली, बोटं पुसली, आणि सवयीनं जे तोंडात होतं तेच विचारलं.

“संगणक घरात आहे का?”

“नाही.”

“नाही?”

“काल रविवार होता. पहिल्या नंबरवाल्या बाना मुसोलेकडे गेला. आता तेरा नंबर झालेत.”

“तेरावा कोण?”

“तू. मला आता बस चालवायची आहे. आजपासून भिशी तू चालव. आणि चालवणाऱ्याचा नंबर शेवटी, हे तुला ठाऊकच आहे.”

कापाम्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या छत्रीचा विचार करत होते.

“अगं, पण बारा आठवडे मी काम कशावर करू?”

“आमचा आहे ना तुझ्याकडे?” बाना कबासो म्हणाली. “कोठीत नुसता पडला असेल. तो वापर. कोणीतरी वापरला तर बरंच आहे.”

त्यांनी दुसरी वडी उचलली, आणि खाताखाता त्यांचे खांदे हलायला लागले. राजाच्या कुळातला माणूस तोंडात चिकांडा घेऊन हसत होता. ठसका लागला तेव्हा मीच पाणी दिलं.

बुधवारी पांढरी पिकअप परत आली. त्यांनी संगणक, पडदा आणि कळफलक स्वतः उतरवले, बाना मुसोलेकडून आपला लॅपटॉप घेतला आणि बॉनेटवर फॉर्म ठेवून ‘संगणक घरात आहे का?’ यापुढे ‘होय’ लिहिलं. कुठल्या घरात, ते फॉर्म विचारत नाही. त्यांनीही विचारलं नाही. अहवाल तोवर छापून झाला होता, म्हणून बाना कबासो त्यात बेजबाबदारच राहिली. बाना चिशाला सर्वोत्तम डिजिटल घराचं बक्षीस मिळालं, भिंतीवर लावायचं घड्याळ. तेही तिनं रुमालाखाली ठेवलंय.

शाळेची बस रोज सकाळी सव्वासहाला माझ्या दारावरून जाते. बाना कबासो गरज नसताना हॉर्न मारते आणि खिडकीतून काहीतरी वाईट बोलते. तिच्या सीटमागे खुंटीला माझी काळी छत्री लटकलेली असते. मला राग येतो.